वाकळीचं पोट

बयना कार्तिकात गेली. दिवसभर कापूस वेचून घरी आली, चहा मांडते म्हणाली, आणि चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. मी बाहेर ओट्यावर होतो. चहाला एवढा वेळ का लागतो, असं मी आत तोंड करून दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी शेवटचं बोललो ते हे.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मुलगी सुवर्णा तेवढी मागे राहिली. ती मंचेरियलला असते. जावई पंकज तिथे कोळशाच्या खाणीत कामाला आहेत. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे.

सुवर्णा म्हणाली, "बाबा, तुमी इथं एकटे काय करान? चला माह्यासंगं."

मी म्हणालो, बरा आहे इथेच. नार्नूरपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. चार एकर कापूस, दोन एकर ज्वारी, एक म्हैस. दोन खोल्यांत जाऊन मी काय करणार होतो? पंखा बघत बसणार?

मग तिने आईची पेटी उघडली. वर घडी करून ठेवलेली वाकळ होती. बयना ती सुवर्णासाठीच शिवत होती आणि ती अर्धी राहिली होती. सुवर्णा म्हणाली, "हे मी तिकडं मशीनवर पुरी करून घेते."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "राहू दे. मी शिवतो."

"तुमी? तुमाले शर्टाचं बटन लावता येते का?"

"शिकन."

सुवर्णा हसली नाही. ती बयनाची मुलगी आहे, हिशेबी. म्हणाली, "ठीक हाय. मी चैतात येते. तवापर्यंत वाकळ पुरी झाली त समजन की तुमचं एकट्याचं भागते. मंग राहा इथं. नाई झाली त तुमी अन् वाकळ, दोघंबी माह्यासंगं."

आता मी कबूल करायला हवं की बयनाच्या शिवणकामाला मी आयुष्यभर 'चिंध्यांचा धंदा' म्हणत आलो. दुपारी शेतातून यावं तर ओसरीवर ती आणि समोरच्या रुक्माबाई चिंध्या पसरून बसलेल्या. रुक्माबाई अंगणवाडीत आया होत्या, दुपारी दोनला सुटायच्या आणि थेट आमच्याकडे यायच्या. तीस वर्षं हे चाललं. मी म्हणायचो, "दुकानात ब्लँकेटं मिळतात, ठाऊक हाय का?" बयना म्हणायची, "मिळू द्या." बस एवढंच. ती भांडली असती तर मी एखादवेळी विचारलं तरी असतं, की यात आहे काय.

वाकळ कशी असते ते सांगतो. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे चार-पाच थर एकावर एक घालायचे, कच्च्या दोऱ्याने धरून ठेवायचे आणि काठापासून टाके घालत आत यायचं. चौकोनाच्या आत चौकोन. शेवटी मधोमध हातभर जागा राहते. तिला पोट म्हणतात. त्यावर एक ठिगळ बसवायचं, तीन बाजू शिवायच्या, चौथ्या बाजूने आत भाकरीचा घास टाकायचा आणि मग ती बाजू बंद करायची. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं आमच्याकडच्या बायका मानतात. बयनाने सगळे थर आधीच धरून ठेवले होते आणि बाहेरचे सात चौकोन झाले होते. आतले सहा आणि पोट राहिलं होतं.

मी रुक्माबाईंकडे गेलो. त्यांनी माझी पहिली ओळ डोळ्यांजवळ धरून बघितली.

"भाऊ, हे टाके हायत का धुऱ्यावरचे खुंट?"

"पहिलेच हायत."

"तेच म्हणून राह्यली. दुसरे घालू नका. उसवा."

आठवडाभर मी फक्त उसवलं. नांगर धरून जाड झालेल्या बोटांत सुई सापडत नाही. ती खाली पडली की ओसरीवर चवड्यांनी शोधावी लागते, आणि ती सापडतेच चवड्यांना. पण पौषात एक दिवस ओळ सरळ आली. वीतभर. मी ती रुक्माबाईंना दाखवायला रस्ता ओलांडून पळत गेलो. पासष्ट वर्षांचा माणूस, बायको मरून दोन महिने झालेले. त्यांनी ओळ बघितली आणि म्हणाल्या, "हं." परत येताना माझ्या लक्षात आलं, की शेतात पहिल्यांदा एकरी दहा क्विंटल कापूस निघाला तेव्हाही मी असा पळालो नव्हतो.

कापसावरून आठवलं. दोरा संपला तेव्हा विचार केला, विकत कशाला? घरात कापूस पडला आहे. चाळीस वर्षं मी कापूस पिकवला, पण त्याचा एक दोराही कधी काढला नव्हता. तो गाडीत भरायचा, विकायचा आणि दुकानातून बनियन आणायची, एवढाच माझा कापसाशी संबंध. मी सरकी काढली, पेळू केला, मांडीवर पीळ दिला. पहिला दोरा म्हशीला बांधण्याजोगा निघाला. दुसरा तुटला. विसावा जरा बरा होता. चाळिसावा सुईत गेला. हे सगळं एका दिवसात झालं आणि त्या दिवशी मी जेवायचं विसरलो.

पण खरा घोळ रंगाने केला.

बयनाच्या सातव्या चौकोनात एक पट्टी होती. जांभळट, राखाडीकडे झुकणारी. पिकल्या जांभळाला धूळ बसल्यावर दिसतं तशी. ती कुठल्याच लुगड्याची नव्हती. तिची सगळी लुगडी मला माहीत होती, मीच आणलेली होती, एकही तिला विचारून आणलेलं नव्हतं. मला पोटावरचं ठिगळ त्याच रंगाचं हवं होतं. आदिलाबादच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. मिळालं नाही.

रुक्माबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मीबी विचारलं होतं तिले. म्हणे, भेटला कुठं तरी. नाई सांगतलं तिनं मले." हे सांगताना त्यांचा आवाज जरा कडक झाला.

मग मीच रंग करायला घेतला. मोबाइलवर एक तेलुगू बाई मडक्यात कपडे उकळून दाखवते. ती म्हणाली, रंग धरायला कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवा, मग म्हशीच्या दुधात. म्हैस घरचीच. जांभळीची साल शेताच्या बांधावर. अंगणात तीन दगडांवर पातेलं चढवलं आणि माझं एक धोतर फाडून त्याचे तुकडे आत सोडले.

मातकट निघालं.

दुसऱ्या दिवशी बाभळीची साल टाकून बघितली. पुन्हा मातकट, पण वेगळं. पळस फुलला होता, म्हणून पोतंभर फुलं आणली. पिवळंजर्द निघालं. इतकं की मी ते कापड उन्हात धरून किती वेळ बघत राहिलो. हळदीत पापडखार घातला तर लाल झालं. त्यावर लिंबू पिळलं तर परत पिवळं. हे मी चारदा केलं. गरज नव्हती. मग त्या तेलुगू बाईने सांगितल्याप्रमाणे जंगलेले खिळे आणि गूळ पाण्यात घालून मडकं पंधरा दिवस झाकून ठेवलं. त्या पाण्यात हिरड्याचं कापड बुडवलं आणि डोळ्यांसमोर ते काळं झालं. बोटंही झाली.

हवा होता तो जांभळट रंग मात्र आला नाही. बाकी सगळे आले. अंगणातल्या दोरीवर एकवीस तुकडे वाळत होते आणि त्यातले कुठलेही दोन सारखे नव्हते. सकाळी उठलो की म्हशीच्या आधी मी दोरीकडे जायचो. रात्रीत रंग उतरला का, चढला का. एका संध्याकाळी दिवा लावताना बयनाच्या फोटोकडे लक्ष गेलं आणि कळलं, की दिवसभरात तिची आठवण एकदाही आली नाही. मी फोटोपुढे उभा राहून तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं.

आमच्याकडे घरात मौत झाली की गाव वर्षभर बसायला येतं. येणाऱ्याने उसासा टाकायचा, घरच्याने मान हलवायची. माझी अडचण अशी, की हे लोक नेमके रंग चढत असताना यायचे. चेहरा पाडायला जरा वेळ लागतो. शेताचे शेजारी मारोतराव एकदा न सांगता आले तेव्हा मी पातेल्यावर वाकून हसत होतो, कारण कांद्याच्या टरफलांतून सोन्यासारखा रंग निघाला होता.

"वामनराव, काय शिजवून राह्यले?"

"धोतर."

मारोतराव ओट्यावर बसले. माझे कोपरापर्यंत काळे हात बघितले. बादलीत दुधात भिजणारा सदरा बघितला, आणि तो चाटायला टपलेली दोन कुत्री.

"वहिनी लय चांगल्या होत्या," शेवटी ते म्हणाले.

"हो ना," मी मान खाली घालून म्हणालो, कारण खाली पातेलं होतं.

ते गेले ते कोपऱ्यावर उभे राहून फोनवर बोलू लागले. मारोतरावांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोनवर मोठ्याने बोलतात. सगळ्या आळीला ऐकू गेलं. "पोरी, तुह्या बापाचं डोकं फिरलं. सदरा दुधात भिजवते, धोतर शिजवते, अन् एकटाच हासते. आरोग्य केंद्रातली नर्सबी म्हणे, पिच्ची झाला. तू ये अन् घेऊन जाय त्याले."

सुवर्णा तिसऱ्या दिवशी आली. चैत लागायला अजून चार दिवस होते. सोबत रिकामी बॅग होती. ती आली, माझे हात बघितले, दोरी बघितली. आत जाऊन माझे कपडे भरायला कपाट उघडलं.

"बाबा, पांढरं धोतर कुठं हाय?"

"हाय ना. ते पिवळं."

"अन् सदरे?"

"दोन काळे झाले. तिसरा कोणता झाला ते अजून ठरलं नाई."

ती कपाटासमोर खाली बसली. "म्हणजे मारोतकाका खरंच सांगत होते."

"तूच म्हटलं होतं, वाकळ पुरी झाली त राहा."

"झाली का?"

"पोट राह्यलं."

"कवापासून?"

"दीड महिना झाला."

"काऊन?"

"रंग जमून नाई राह्यला."

"बाबा, मी तुमाले शिवा म्हटलं होतं. तुमी त शिजवून राह्यले." ती रडायला लागली. रडतानाही आईसारखीच, आवाज न करता. "आई गेली तवा मी आले नाई वेळेवर. आता तुमचं काही झालं त लोक मले काय म्हणतीन? मीच मले काय म्हणन?"

मी वेडा नाही, उलट मला बरं वाटतं आहे, हे तिला सांगायचं होतं. पण बायको जाऊन पाच महिने झाले आणि मला बरं वाटतं, हे मुलीला कसं सांगायचं? त्यापेक्षा वेडा म्हणवून घेणं सोपं होतं.

शेवटी तिने एक दिवस दिला. उद्या संध्याकाळपर्यंत वाकळ पुरी झाली तर मी राहायचं. नाही झाली तर परवा सकाळची गाडी.

मी रंगाचा नाद सोडला. दोरीवरचं त्यातल्या त्यात जवळचं ठिगळ घेतलं, पोटावर ठेवलं आणि सकाळपासून शिवायला बसलो. सुवर्णा समोर बसून बघत होती. दुपारी तिने विचारलं, "हे टाके कोणते तुमचे अन् कोणते आईचे?" मी दाखवले. तिने त्यांवरून बोट फिरवून बघितलं. चार वाजता तीन बाजू झाल्या.

मग घास. बायका केवढा टाकतात ते मला नीट ठाऊक नव्हतं आणि रुक्माबाई लेकाकडे उटनूरला गेल्या होत्या. बयना सगळ्यांच्या मागून जेवायची. टोपल्यात जे उरेल ते. बहुतेक वेळा अर्धी भाकरी उरायची. म्हणून मी ज्वारीची अर्धी भाकरी घेतली, तिला आवडायचं तसं वरून जवसाचं तेल लावलं, आत सरकवली आणि चौथी बाजू शिवून टाकली. दिवे लागायच्या आत वाकळ पुरी झाली. सुवर्णाने ती हातात तोलून बघितली. "जड हाय," म्हणाली. मग म्हणाली, "राहा मंग."

रिकामी बॅग तिने खुंटीला टांगली. मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

सकाळी वाकळीच्या मधोमध मूठ जाईल एवढं भोक होतं.

उंदराने ठिगळ खाल्लं होतं, भाकरी खाल्ली होती आणि आणखी काही मिळतं का म्हणून खालचे दोन थरही कुरतडले होते. सुवर्णाने भोक बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुंटीवरची बॅग काढली.

"पुरी झाली होती," मी म्हणालो.

"झाली होती. आता नाई."

तेवढ्यात रुक्माबाई आल्या. पहिल्या गाडीने परतल्या होत्या. त्यांनी वाकळ मांडीवर घेतली.

"किती टाकली होती भाकर?"

"अर्धी. तेल लावून."

"अर्धी? भाऊ, घास म्हणजे चिमटभर असते. तेबी वाळलेला. तुमी त पंगत बसवली उंदराची."

सुवर्णाला हसू आलं, पण तिने ते आवरलं आणि बॅगेत माझी पिवळी धोतरं भरू लागली. रुक्माबाई भोकात बोट घालून किती थर गेले ते बघत होत्या. बघता बघता थांबल्या. बोटाने काहीतरी बाहेर ओढलं.

"हे कॉलर कोणाची?"

कॉलर विटकरी रंगाची होती. पण तिच्या आतल्या बाजूला आदिलाबादच्या माझ्या शिंप्याची पट्टी होती.

आम्ही आतले सहा चौकोन उसवले. माझेच टाके होते, उसवायची मला सवय होती. वरचा थर उचलला आणि खाली माझे सदरे होते. सात. सुवर्णाच्या लग्नातला पांढरा सदरा, जो लग्नानंतर दोन महिन्यांत हरवला. तेव्हा मी गावच्या वरठ्याला, म्हणजे धोब्याला, भर चौकात चोर म्हटलं होतं. तो म्हणत होता, कपडे मोजून दिले. मी त्याची धुण्याबद्दलची वर्षाची ज्वारी बंद केली. बयना तेव्हा म्हणाली होती, "नाल्यात वाहून गेला असंन जी." इतर सदरेही असेच एकेक करून वाहून गेले होते आणि दरवेळी मी वरठ्याला बोललो होतो.

सदरे पांढरे राहिले नव्हते. एक मातकट. एक वेगळा मातकट. एक पिवळाजर्द, पळसाचा. एक काळा. मी उठून अंगणातली दोरी ओसरीत आणली आणि तुकडे त्यांच्या बाजूला ठेवले. तेच रंग होते. मी दीड महिन्यात जे जे चुकलो होतो, ते ते ती आधीच चुकून बसली होती आणि चुका वाकळीच्या पोटात घालत होती.

"तीस वर्षं माह्या बाजूनं बसली," रुक्माबाई म्हणाल्या, "अन् मले एक शब्द नाई."

"कवा करत होती?" सुवर्णाने विचारलं.

मला ते आठवलं. एकदा जेवायला वाढताना तिची बोटं काळीनिळी होती. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, जांभळं खाल्ली. तेव्हा माघ चालू होता. माघात जांभळं कुठून येणार, हे चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला सुचलं नाही. मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो आणि जेवलो.

सगळ्यात खाली सातवा सदरा होता. त्याची पाठ कापलेली होती. वरच्या चौकोनातली ती पट्टी तिथली. उरलेल्या कापडावर तोच जांभळट राखाडी रंग होता आणि मधोमध गडद वाकडा डाग. चंद्रकोरीसारखा, खाली मुठीचं टोक. मी तो डाग ओळखला. तो माझा विळा होता, दोन वर्षांपूर्वी हरवलेला. तिने सदरा विळ्याभोवती गुंडाळून जांभळीच्या सालीत उकळला होता. मी खिळ्यांचं पाणी ओतत बसलो होतो, आणि तिने सबंध विळाच पातेल्यात टाकला होता.

"कोयता नाई, विळाच काऊन?" सुवर्णा म्हणाली.

"कोयता मी रोज मागत होतो," मी म्हणालो.

रुक्माबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. सुवर्णा सदरा नाकाशी धरून वास घेत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे आईबी तशीच होती?"

"मंग काय," रुक्माबाई म्हणाल्या. "तिचं झाकलेलं होतं. याचं दोरीवर वाळत हाय."

सुवर्णाने बॅगेतली धोतरं एकेक करून बाहेर काढली. कपाटात ठेवली नाहीत. माझ्या तुकड्यांच्या रांगेत ठेवली, पिवळ्याजवळ पिवळं. पळसाचं पाणी किती वेळ उकळायचं, हे तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. वाकळ माझ्याकडेच ठेवली. भोक पडलेली वाकळ मशीनवर नीट होत नाही, म्हणाली, तुम्हालाच करावी लागेल. किती दिवसांत, ते सांगितलं नाही. मी त्याच संध्याकाळी वरठ्याकडे गेलो. आता त्याचा मुलगा धंदा बघतो. म्हाताऱ्याला मी सदरा दाखवला आणि सगळं सांगितलं. त्याने रंग बघितला. म्हणाला, "पक्का हाय. धुतला त जाणार नाई." दुसरं काही तो बोलला नाही, आणि मीही दुसरं काही ऐकण्याच्या लायकीचा नव्हतो. ज्वारीचं पोतं मी ओट्यावर ठेवून आलो.

चैत संपता संपता मंचेरियलच्या गाडीवरच्या कंडक्टरने एक पिशवी आणून दिली. आत एक खाकी सदरा होता, खाणीत घालायचा, खिशाजवळ कोळशाचा डाग पडलेला. सोबत सुवर्णाची चिठ्ठी. 'खाकीवर जांभळा चढतो का पाहा. विळा सापडला का?'

विळा सापडला नव्हता. मी कोयता घेतला. सदऱ्यात गुंडाळून पातेल्यात सोडला आणि जाळ घातला, तेवढ्यात फोन वाजला. पंकज होते.

"मामाजी, बरे हाय ना?"

"बरा हाय जावईबापू."

"एक विचारायचं होतं. माहा ड्युटीचा शर्ट आठ दिवसांपासून दिसून नाई राह्यला. सुवर्णाले विचारलं त ते म्हणते, मले काय ठाऊक. तिच्या सामानात चुकून तुमच्याकडं त नाई आला?"

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. मी काठीने सदरा खाली दाबला.

"नाई जी," मी म्हणालो. "धोब्याले विचारा."